त्रिंकोमाली: मुंबईच्या सागवानाची दोन शतके

12 ऑक्टोबर 1817 रोजी मुंबईच्या गोदीत 'त्रिंकोमाली' ही ब्रिटिश आरमाराची फ्रिगेट पाण्यात उतरली. सुमारे दीडशे फूट लांब, चाळीस फूट रुंद आणि तीन डोलकाठ्यांची ही नौका आज इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या हार्टलपूल बंदरात आहे. अजून पाण्यावर तरंगणाऱ्या ब्रिटिश युद्धनौकांत तिच्याहून जुनी दुसरी नाही. लाकडी नौका इतकी वर्षे राहते ती एकट्या लाकडाच्या जोरावर राहत नाही. तळ कोरडा करून पाहता येईल अशी गोदी, मूळ आराखडे, जातिवंत लाकूड, जुनी विद्या येणारे कारागीर आणि वर्षानुवर्षे पुरेल इतका पैसा एवढे सगळे जुळून आले, तरच जुने जहाज पुन्हा उभे राहते. यातली एकेक गोष्ट त्रिंकोमालीला कुठे लाभली आणि तिच्या सोबतच्या नौकांना कशी लाभली नाही, हे तिच्या चरित्रात नीट दिसते.

मुंबईची गोदी वाढली ती आधी दुरुस्तीच्या कामावर. लवजी नसरवानजी वाडिया 1736 च्या सुमारास काही सुतारांसह सुरतेहून मुंबईला आले. ईस्ट इंडिया कंपनीला आपली जहाजे पश्चिम किनाऱ्यावरच दुरुस्त करून हवी होती. तळ पाहण्याची तेव्हाची रीत अवघड होती. भरतीला जहाज चिखलाच्या काठाला आणायचे, ओहोटी लागून ते कुशीवर कलंडले की उघडी पडलेली बाजू खरवडायची, सडलेली फळी काढून नवी बसवायची, फटी भरायच्या, आणि पुढची भरती येण्याआधी जमेल तेवढे उरकायचे. दुसऱ्या कुशीसाठी हा सगळा खटाटोप पुन्हा. लहान मचव्याला हे चालते. पण शेकडो टनांचे जहाज असे कलंडवले की त्याच्या सांध्यांवर ताण येतो, आणि दुरुस्तीला आणलेले जहाज दुरुस्तीतच खिळखिळे होते.

या अडचणीवर सुकी गोदी हा उपाय होता, आणि मुंबईच्या समुद्राने तो सोपा केला. मुंबईत उधाणाच्या भरतीला पाणी चौदा-पंधरा फुटांनी चढते. भरतीच्या पाण्यावर जहाज दगडी गोदीत घ्यायचे, ओहोटीबरोबर गोदीतले पाणी उतरू द्यायचे, दरवाजे बंद करायचे आणि तळाशी राहिलेले पाणी उपसून टाकायचे. जहाज सरळ उभे राहते, दोन्ही कुशी एकाच वेळी हाताखाली येतात आणि काम आठवडेच्या आठवडे चालवता येते. 1750 च्या सुमारास मुंबईत अशी पहिली गोदी झाली. पुढे तिला लागून आणखी दोन बांधल्या गेल्या, आणि 1807 ते 1810 या काळात मुंबई इंजिनिअर्सचे कॅप्टन विल्यम कूपर यांनी आखलेली मोठी डंकन गोदी उभी राहिली. गव्हर्नर जोनाथन डंकन यांचे नाव तिला दिलेले आहे. दुरुस्तीसाठी आलेली साधने आणि माणसे नवी जहाजे बांधायलाही तितकीच उपयोगी पडली. 1810 साली जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी 74 तोफांची 'मिंडेन' बांधून दिली. ब्रिटनबाहेर बांधलेली ब्रिटिश आरमाराची ही पहिली मोठी युद्धनौका. मागोमाग 'कॉर्नवॉलिस', 'वेलस्ली', 'गँजेस', 'एशिया' अशी रांगच लागली. वाडिया घराण्याच्या हाताखालून सुमारे दीडशे वर्षांत तीनशेहून अधिक जहाजे बाहेर पडली.

नेपोलियनशी चाललेल्या युद्धांमुळे इंग्लंडात ओक लाकडाची टंचाई झाली होती. मुंबईला सागवान जवळ होते. मलबारच्या जंगलांत तोडलेले ओंडके नद्यांतून तरंगत किनाऱ्याला येत आणि तिथून समुद्रमार्गे गोदीत पोहोचत. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे आणि बोल्ट गंजतात, आणि गंजलेल्या खिळ्याभोवतीचे लाकूडही खराब होते. सागवानात तेल असते. त्यामुळे त्यात ठोकलेले लोखंड टिकते, बुरशी आणि कीड सहज शिरत नाही, आणि ऊनपावसात लाकूड फारसे आखडत-फुगतही नाही. मुंबईचे सुतार बाजूच्या फळ्यांना खाचा पाडून त्या एकमेकींत बसवत. सांध्यात तेलात भिजवलेला कापूस ठासत, आणि तळाला चुना आणि तेल यांचा लेप देत. आरमाराच्या नौकांना त्यावर तांब्याचे पत्रेही चढत, कारण उष्ण समुद्रात लाकूड पोखरणारा किडा अडवायला तोच खात्रीचा इलाज होता. दोनशे वर्षांनंतर दुरुस्ती करणाऱ्यांना जी बळकट कुडी हाती लागली तिचे मूळ या लाकडात आणि या सांध्यांत आहे.

त्रिंकोमालीचे आराखडे मात्र मुंबईला पोहोचताना एकदा वाटेतच गेले. आरमाराच्या कचेरीने ते 'जावा' या नौकेबरोबर पाठवले होते. 29 डिसेंबर 1812 रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' या फ्रिगेटने जावाला गाठून हरवले, आणि जावाबरोबर कागदही गेले. लंडनला मूळ प्रत होती म्हणून नवी नक्कल करून पाठवता आली. 'हेबे' ही फ्रेंच फ्रिगेट 1782 मध्ये ब्रिटिशांच्या हाती लागली होती. तिच्या घडणीवरून ब्रिटिशांनी 'लेडा' नावाचा फ्रिगेटांचा एक वर्ग आखला, आणि त्रिंकोमाली त्याच वर्गातली. एकाच आराखड्यावरून इतक्या नौका बांधल्या गेल्या, त्यामुळे तो कागद जपून ठेवला गेला. आरमाराच्या जहाजांचे असे हजारो जुने आराखडे आज ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात आहेत. जहाजाचा नाहीसा झालेला भाग कसा होता हे कागदावर दाखवता आले तर दुरुस्ती करणाऱ्याचे निम्मे ओझे उतरते. तो कागद नसेल तर तर्कावर बांधावे लागते, आणि तर्कावर बांधलेला भाग कितीही सुबक झाला तरी तो नवाच राहतो.

1816 च्या वसंतात कणा मांडला गेला. कोकणातले सुतार या कण्याला पठाण म्हणतात. पारशी रीतीप्रमाणे त्यात चांदीचा खिळा ठोकला गेला. दीड वर्षात नौका तयार झाली. बांधणीचा खर्च सुमारे 23 हजार पौंड आला. मुंबईहून निघून, वाटेत सेंट हेलेना बेटावर थांबून, 30 एप्रिल 1819 रोजी ती पोर्टस्मथला पोहोचली. तोवर युद्ध संपून गेले होते आणि तिच्याजोगे काम उरले नव्हते. डोलकाठ्या उतरवून आणि वर छप्पर घालून तिला राखीव नौकांच्या रांगेत बांधून ठेवण्यात आले. त्या रांगेत तिची पंचवीसहून अधिक वर्षे गेली.

ही वर्षे वाया गेली असे आरमाराच्या इतिहासात वाटते. लाकडाच्या दृष्टीने पाहिले तर तिचे आयुष्य वाढले ते याच वर्षांत. लाकडी जहाजाचा खरा शत्रू पावसाचे गोडे पाणी. खाऱ्या पाण्यात बुडालेली फळी शतकभर टिकते, पण डेकच्या फटीतून आत झिरपलेले पावसाचे पाणी तुळईच्या टोकाशी साठून तिला आतून कुजवते. म्हणून कोकणात पावसाळ्याआधी होडी वाळूवर ओढून झापांनी शाकारतात आणि नारळी पौर्णिमेनंतरच समुद्रात लोटतात. पोर्टस्मथच्या लाकडी छपराने तेच काम केले. याच वर्गातली 'युनिकॉर्न' 1824 मध्ये बांधली गेली. तिच्यावर तर कधी डोलकाठ्या चढल्याच नाहीत, शाकारलेल्या स्थितीतच ती राहिली, आणि आज स्कॉटलंडच्या डंडी गावात ती जवळपास मूळ रूपात पाहता येते. एका आराखड्याच्या दोन बहिणी, एक सागवानी आणि एक ब्रिटनात घडलेली, दोघीही छपराखाली वाचल्या.

1845 मध्ये त्रिंकोमालीची पिछाडी नव्या धर्तीची केली गेली, तोफा कमी पण जड बसवल्या गेल्या, आणि 1847 ते 1857 या काळात तिने उत्तर अमेरिका, वेस्ट इंडीज आणि पॅसिफिक इथे चाकरी केली. पुढे पोरांना खलाशी बनवण्याची शाळा म्हणून ती सुंदरलंड, हार्टलपूल आणि साउदॅम्प्टन इथे नांगरून राहिली. 1897 च्या मे महिन्यात तिला मोडीत विकले गेले.

तिथे तिच्या आयुष्यात जेफ्री व्हीटली कॉब आले. ते पैसेवाले गृहस्थ होते. नेल्सनच्या काळातली 'फुद्रोयान' ही नौका मोडणाऱ्यांच्या हाती गेली, तेव्हा त्यांनी ती विकत घेऊन दुरुस्त केली होती आणि गावोगावच्या किनाऱ्यांवर लोकांना दाखवत फिरवली होती. जून 1897 मध्ये ब्लॅकपूलजवळ वादळात ती किनाऱ्यावर आदळून फुटली. तिच्या जागी कॉब यांनी त्रिंकोमाली घेतली, तिला फुद्रोयान हेच नाव दिले, आणि फालमथ बंदरात मुलांसाठी समुद्रविद्येची शाळा चालवली. 1931 मध्ये कॉब वारले, आणि नौका पोर्टस्मथला आली. पुढल्या अर्ध्या शतकात कितीतरी मुले सुट्टीत त्या डेकवर झुलत्या बिछान्यांत झोपली, दोर बांधायला आणि होडी वल्हवायला शिकली. जुन्या जहाजाला रोजचे काम असले की त्याच्याकडे रोज लक्ष जाते. गळती पहिल्या दिवशी कळते, रंग वेळेवर लागतो, पंप चालू राहतो. नुसते बांधून ठेवलेले जहाज कुणाच्या नकळत खराब होत जाते. कॉब यांच्या शाळेने त्रिंकोमालीला सगळ्यात मोठा आधार दिला तो हाच.

शेजारीच नांगरलेल्या 'इम्प्लेकेबल'ला तेवढाही आधार पुरला नाही. ही 1800 च्या सुमाराची फ्रेंच नौका ट्रफाल्गरच्या लढाईतून निसटली होती आणि नोव्हेंबर 1805 मध्ये ब्रिटिशांच्या हाती लागली. कॉब यांनी तिचीही देखभाल केली होती, आणि नंतरची कित्येक वर्षे दोन्ही नौका एकत्रच शाळेच्या कामी होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर तिच्या दुरुस्तीचा खर्च उचलायला आरमार तयार नव्हते, फ्रान्स तयार नव्हता, आणि वर्गणीही पुरेशी जमली नाही. 2 डिसेंबर 1949 रोजी दोन्ही देशांचे झेंडे तिच्यावर चढवून तिला इंग्लिश खाडीत नेले गेले आणि सुरुंग लावून बुडवले गेले. तिची पिछाडीची नक्षी आणि नाळेवरची, म्हणजे पुढच्या टोकावरची, मूर्ती आज ग्रीनिचमध्ये आहे. या दृश्याने ब्रिटनमधले लोक हळहळले. पुढे जगभरातल्या जुन्या जहाजांसाठी 'वर्ल्ड शिप ट्रस्ट' स्थापन झाला, तेव्हा 'इम्प्लेकेबल, पुन्हा कधीच नाही' हेच त्याचे ब्रीद ठरले. त्या एका नौकेवर खर्च न झालेल्या पैशाने ब्रिटनमध्ये जहाज वाचवण्याची चळवळ उभी केली, असे म्हणणे चुकीचे ठरणार नाही. पण ती नौका मात्र गेली.

1986 मध्ये त्रिंकोमालीवरची शाळा बंद झाली. 1987 मध्ये तिला बार्जवर घालून हार्टलपूलला आणले गेले. हार्टलपूलच निवडण्याचे कारण सरळ होते. तिथे 1979 पासून 'वॉरियर' या 1860 च्या लोखंडी युद्धनौकेची दुरुस्ती चालू होती, आणि ती 1987 च्या उन्हाळ्यात पूर्ण होऊन पोर्टस्मथला रवाना झाली. एक नौका गेली आणि दुसरी आली. हार्टलपूल जहाजबांधणीचे जुने गाव. 1960 च्या दशकात तिथला मोठा कारखाना बंद पडल्यावर पुष्कळ लोकांची कामे गेली होती. वॉरियरच्या आठ वर्षांत या गावात लाकडी डेक घालणारे, डोलकाठी घडवणारे, दोरकाम करणारे आणि कोरीवकाम करणारे कारागीर पुन्हा तयार झाले. बेकारांना काम देण्याच्या सरकारी योजनेतूनही माणसे त्या कामावर आली होती. त्रिंकोमालीला अशी शिकलेली माणसे आयती मिळाली. जुन्या जहाजाच्या दुरुस्तीत लाकूड महाग असते, पण ते विकत मिळते. हात मात्र विकत मिळत नाहीत. ते तयार व्हायला वर्षे लागतात, आणि एक काम संपून दुसरे मिळाले नाही तर तेच हात दुसऱ्या धंद्याला लागतात. हार्टलपूलमध्ये एकामागून एक दोन जहाजे आली, हे त्रिंकोमालीचे मोठे भाग्य.

दुरुस्ती 1990 मध्ये सुरू झाली आणि 2001 मध्ये संपली. 1992 मध्ये नौकेला तिचे मूळ नाव परत मिळाले. एकूण खर्च एक कोटी पौंडांच्या वर गेला. 1994 मध्ये ब्रिटनमध्ये राष्ट्रीय लॉटरी सुरू झाली आणि तिच्या उत्पन्नाचा एक भाग वारसा जपण्यासाठी राखून ठेवण्यात आला. त्या निधीतून मिळालेले अनुदान या कामाला फार उपयोगी पडले. एखाद्या श्रीमंत माणसाच्या मनावर अवलंबून असलेला आधार जाऊन सामान्य लोकांच्या तिकिटांचा आधार आला, हा कॉब यांच्या काळापासूनचा मोठा बदल होता.

प्रत्यक्ष कामात पहिला नियम घाई न करण्याचा असतो. लाकडी जहाज पाण्यावर असताना मधला भाग पाण्याने उचलून धरलेला असतो आणि दोन्ही टोके खाली ओढ घेतात, म्हणून जुन्या नौकेचा कणा कमानीसारखा वर वाकतो. अशा नौकेच्या दोन्ही बाजूंच्या फळ्या एकदम काढल्या तर उरलेला आकारही बिघडतो. म्हणून थोडा भाग उघडायचा, वाक म्हणजे कुडीच्या बरगड्या आणि तुळया तपासायच्या, सडलेला तुकडा कापून त्याच मापाचा नवा बसवायचा, तो पक्का झाला की पुढे सरकायचे. प्रत्येक तुकडा काढण्याआधी त्याचे रेखाटन आणि छायाचित्र घ्यायचे. पाण्याखालचे मुंबईचे सागवान बहुतेक ठिकाणी शाबूत निघाले. वर, डेकजवळ, जिथे पावसाचे पाणी पोचत होते तिथे नवे लाकूड जास्त लागले. काम संपल्यावरही नौकेचे निम्म्याहून कितीतरी जास्त लाकूड मूळचेच राहिले. पोर्टस्मथच्या 'व्हिक्टरी'शी ताडून पाहिले तर या आकड्याचे मोल कळते. नेल्सनची ही ओकची नौका 1922 पासून सुक्या गोदीत आहे. तिच्यातले मूळ लाकूड थोडेच उरले आहे, आणि विसाव्या शतकातल्या तिच्या डागडुजीत सागवानही वापरले गेले.

आज अशा कामाला हाताशी धरण्याजोगी लेखी साधनेही आहेत. ऐतिहासिक जहाजांच्या दुरुस्तीची तत्त्वे सांगणारी 'बार्सिलोना सनद' या शतकाच्या सुरुवातीला युरोपात तयार झाली. ऐतिहासिक वास्तूंसाठी असलेल्या व्हेनिसच्या सनदेवरून ती घेतलेली आहे. ब्रिटनमध्ये 2006 मध्ये स्थापन झालेल्या 'नॅशनल हिस्टॉरिक शिप्स' या संस्थेने जुन्या जहाजांची यादी ठेवली, आणि जहाजाची नोंद कशी करावी, मोडावे लागलेच तर कसे मोडावे आणि जतन कसे करावे, यावर तीन खंडांचे मार्गदर्शक छापले. मोडण्याआधी सगळे टिपून ठेवा, हा सल्ला तिथे एवढ्या तपशिलाने येतो याला इम्प्लेकेबलची पार्श्वभूमी आहे.

त्रिंकोमालीचे पहिले आराखडे ज्या नौकेमुळे गेले, ती कॉन्स्टिट्यूशनही आज बॉस्टनमध्ये तरंगते आहे, आणि दोघींच्या कहाण्या बऱ्याच सारख्या आहेत. 1833 मध्ये बॉस्टनजवळच्या चार्ल्सटाउनची दगडी सुकी गोदी उघडली, तेव्हा आत आलेले पहिले जहाज कॉन्स्टिट्यूशनच होते. 1925 मध्ये तिच्या दुरुस्तीसाठी अमेरिकेतल्या शाळकरी मुलांनी एकेक सेंट गोळा केला, आणि उरलेला खर्च सरकारने उचलला. 1976 मध्ये इंडियाना राज्यातल्या क्रेन इथल्या आरमारी जागेत तिच्यासाठी पांढऱ्या ओकचे राखीव रान ठेवण्यात आले. 2015 ते 2017 च्या दुरुस्तीला त्या रानातली सुमारे 35 झाडे वापरली गेली. ओक मोठा व्हायला शंभर वर्षे लागतात. आजच्या लोकांच्या हयातीत ज्याचा पूर्ण उपयोग होणार नाही अशा लाकडाची तजवीज त्या आरमाराने करून ठेवली आहे, आणि जुन्या जहाजासाठी याहून दूरदृष्टीची सोय क्वचितच कुठे झाली असेल.

2014 मध्ये त्रिंकोमाली ब्रिटनच्या शाही आरमाराच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे गेली. तिची नियमित देखभाल आता त्या संस्थेकडे आहे. तिला जन्म देणाऱ्या मुंबईच्या जुन्या सुक्या गोद्या नौदल गोदीत आजही आहेत, आणि डंकन गोदीत दुरुस्तीसाठी अजून जहाजे घेतली जातात. हार्टलपूलच्या धक्क्यावरून चालत गेले की त्रिंकोमालीच्या नाळेखाली एक फेटेवाला भारतीय माणूस दिसतो. ती तिची नाळमूर्ती. त्याच्या मागे उजव्या-डाव्या कुशीवर फळ्यांच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, आणि डेकवर फटींमधून भरलेल्या डांबराच्या बारीक ओळी. हे डांबर ऊन आणि थंडी यांनी फाटते. फाटले की तेवढी ओळ खरवडून काढतात, खाली नवा ताग ठासतात, वर तापलेले डांबर ओततात, आणि पाऊस सुरू होण्याआधी ते काम संपवतात.